सर्वश्रेष्ठ इटालियन कोण? : लोकभाषेच्या निकषावर एक विचार

मराठी वाचकाला इटलीच्या थोर पुरुषांची पहिली ओळख झाली ती धर्माच्या वाटेने नव्हे, राजकारणाच्या वाटेने. इ. स. १९०७ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी जोसेफ मॅझिनीच्या आत्मचरित्राचे व राजकीय लेखांचे केलेले मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. त्या काळच्या सुशिक्षित तरुणाला मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर ही तीन नावे तोंडपाठ असत. इ. स. १९०९ मध्ये गांधीजींनी 'हिंद स्वराज्य' लिहिले तेव्हा त्यांनाही इटलीसाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घालावेसे वाटले. मात्र परक्यांची सत्ता जाऊन स्वकीय राजा आला एवढ्याने तेथील कष्टकरी जनतेचे काय साधले, असा त्यांचा उलट प्रश्न होता. तात्पर्य, इटलीतील सर्वांत थोर मनुष्य कोण, असे आमच्या आजोबांच्या पिढीला कोणी विचारले असते, तर उत्तर या तिघांपैकी एकाच्या नावाने आले असते.

आज हाच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तरांना अंत राहत नाही. कोणी लिओनार्दो दा व्हिंचीचे नाव घेईल, कोणी मायकेलअँजेलोचे, कोणी गॅलिलिओचे. विज्ञानाचा अध्यापक व्होल्टा व मार्कोनी यांस विसरू देणार नाही. संगीताचा भक्त पालेस्त्रीना व व्हेर्दी यांच्यासाठी भांडेल. आणि आमच्या वाचकवर्गातून असिसीचे संत फ्रान्सिस यांचे नाव सर्वांआधी उच्चारले जाईल याविषयी आम्हांस शंका नाही. असा वाद रंगतो खरा, परंतु तो संपत नाही, कारण प्रत्येक जण आपापले माप घेऊन आलेला असतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही आधी मापाचा विचार करणार आहोत आणि मग नावाचा.

पहिली अडचण 'इटालियन' या शब्दाचीच आहे. इटलीचे राज्य १७ मार्च १८६१ रोजी घोषित झाले आणि रोम त्यात आले ते २० सप्टेंबर १८७० रोजी. त्यापूर्वी त्या द्वीपकल्पात कोणी फ्लॉरेन्सचा होता, कोणी व्हेनिसचा, कोणी जेनोआचा, कोणी नेपल्सच्या राज्याचा प्रजाजन. ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख इटली हे केवळ भूगोलातले नाव आहे असे म्हणत असे, आणि राजकीय दृष्ट्या ते खोटे नव्हते. व्हर्जिल मांतुआजवळ जन्मला व सिसेरो आर्पिनोत, पण ते रोमन होत. आर्किमिडीज सिरॅक्यूजचा, पण तो ग्रीक. नेपोलियन १७६९ मध्ये कॉर्सिकात जन्मला. त्याच्या घरची बोली इटालियन वळणाची. परंतु जेनोआने ते बेट आदल्याच वर्षी फ्रान्सच्या हवाली केले होते, म्हणून तो फ्रेंच ठरला. राज्याच्या सीमेने माणसे वाटू लागलो की असे घोटाळे होतात. भाषा आणि राज्याची सीमा एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत, हे गोव्यात, बेळगावात, इंदूर-ग्वाल्हेरात किंवा बडोदे-हैदराबादेत मराठीतून उपदेश करणाऱ्या आमच्या बांधवांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मग इटलीने स्वतः आपले थोर कसे निवडले? याचे उत्तर कागदावर शोधण्यापेक्षा फ्लॉरेन्समधील सांता क्रोचे, म्हणजे पवित्र क्रूस, या चर्चमध्ये शोधावे. हे चर्च फ्रान्सिस्कन बंधूंचे. त्याची उभारणी तेराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि आतील एका चॅपेलच्या भिंतींवर जोत्तो या चित्रकाराने संत फ्रान्सिस यांचे चरित्र रंगविले आहे. ज्या सत्पुरुषांनी स्वतःजवळ दुसरा अंगरखाही ठेवू नये असे ठरविले, त्यांच्या नावाने चालणारे हे घर पुढे राष्ट्राच्या कीर्तीचे कोठार झाले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा. मायकेलअँजेलो १५६४ मध्ये रोम येथे वारला. त्याचे प्रेत गुपचूप फ्लॉरेन्सला आणून येथे पुरले. माकियाव्हेली १५२७ मध्ये वारला, पण त्याचे स्मारक येथे उभे राहिले ते १७८७ मध्ये, अडीचशेहून अधिक वर्षांनी. संगीतकार रोस्सिनी १८६८ मध्ये पॅरिसजवळ वारला व तेथेच त्यास मूठमाती मिळाली. नव्या इटलीला त्याची गरज भासली तेव्हा १८८७ मध्ये त्याच्या अस्थी येथे आणविल्या गेल्या.

गॅलिलिओची कथा अधिक बोलकी आहे. १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायासनाने त्याला दोषी ठरविले. ८ जानेवारी १६४२ रोजी तो वारला तेव्हा तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकची इच्छा त्याला सांता क्रोचेत मायकेलअँजेलोसमोर मानाची कबर द्यावी अशी होती. पण धर्मन्यायासनाने ज्याला शिक्षा केली त्याला असा मान कसा द्यावयाचा, अशी हरकत आली. गॅलिलिओचे शव एका आडबाजूच्या लहानशा खोलीत ठेवले गेले आणि ९५ वर्षे तेथेच राहिले. १७३७ मध्ये ते समारंभपूर्वक आजच्या स्मारकात हलविण्यात आले. त्या वेळी भक्तांनी त्याची तीन बोटे, एक दात व एक मणका काढून घेतला! संतांच्या अवशेषांचा जो सोस आमच्या मंडळींत होता, त्याची थट्टा करणाऱ्या नव्या युगाने आपल्या नव्या संताच्या बाबतीत नेमके तेच केले. त्यांतील एक बोट फ्लॉरेन्सच्या विज्ञान-संग्रहालयात आजही काचेखाली पाहावयास मिळते.

आणि दान्ते? सांता क्रोचेत त्याचेही भव्य स्मारक आहे. ते १८२९ मध्ये उभारले. ते रिकामे आहे.

याचे कारण असे. १३०२ मध्ये फ्लॉरेन्समधील विरुद्ध पक्षाने दान्तेला हद्दपार केले, आणि १० मार्च रोजी, तो हाती लागल्यास त्याला जिवंत जाळावे असा हुकूम काढला. तो पुन्हा कधीही आपल्या नगरात आला नाही. सप्टेंबर १३२१ मध्ये तो राव्हेना येथे वारला व तेथील फ्रान्सिस्कन बंधूंच्या मठाशेजारी त्याला पुरण्यात आले. फ्लॉरेन्सला पश्चात्ताप झाला, पण उशिरा. १५१९ मध्ये फ्लॉरेन्सच्याच मेदीची घराण्यातील पोप लिओ दहावे यांच्याकडे दान्तेच्या अस्थी परत मागणारा अर्ज गेला; त्यावर मायकेलअँजेलोची सही होती, आणि कबर आपण स्वतः घडवू असे त्याने लिहून दिले होते. पोपमहाशयांनी अनुमती दिली. माणसे राव्हेनाला पोहोचली, कबर उघडली, आणि आत काहीच नव्हते. मठातल्या बंधूंनी अस्थी आधीच हलवून लपविल्या होत्या. पुढे त्या कोठे आहेत हे मठवासीही विसरले. १८६५ च्या मे महिन्यात दान्तेच्या जन्माला सहाशे वर्षे झाली म्हणून सांता क्रोचेच्या पटांगणात राजाच्या उपस्थितीत त्याच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यानंतर दोन आठवडेही झाले नसतील, तोच २७ मे रोजी राव्हेनात दुरुस्तीचे काम चालू असताना भिंतीत एक लाकडी पेटी सापडली. तीत त्या अस्थी होत्या. त्या आजही राव्हेनातच आहेत, आणि तेथील दिव्याला तेल दरवर्षी फ्लॉरेन्सहून येते. २००८ मध्ये फ्लॉरेन्सच्या नगरसभेने ती जुनी शिक्षा रद्द केल्याचा ठराव केला.

या साऱ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. राष्ट्रे आपले थोर लोक निवडतात ती बहुधा उशिरा, आणि स्वतःच्या गरजेनुसार. ज्याला जाळायचे ठरविले होते त्याच्याच नावाने दिवा लावतात. धर्मसंस्थाही या बाबतीत फारशी वेगळी वागलेली नाही. दान्तेचा 'मोनार्किया' हा राजसत्तेवरील लॅटिन ग्रंथ १३२९ मध्ये पोपच्या एका प्रतिनिधीने जाळविला, १५५९ मध्ये तो निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत गेला व १८८१ मध्ये तीतून निघाला. आणि १९२१ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्याच दान्तेच्या गौरवार्थ एक परिपत्रक काढले. गॅलिलिओचे पुस्तक १८३५ च्या सूचीतून वगळले गेले आणि १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच्या न्यायाधीशांकडून चूक घडली हे जाहीरपणे मान्य केले. तेव्हा मानसन्मानांच्या तराजूवर आम्ही विसंबून राहू शकत नाही. आम्हांस दुसरे माप हवे.

ते माप आम्हांस १८६१ च्या इटलीतच सापडते. राज्य घोषित झाले तेव्हा दोन कोटींहून अधिक लोकसंख्येपैकी इटालियन भाषा बोलू शकणारे किती होते? तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाच्या अंदाजाने शेकडा अडीच. आरिगो कास्तेल्लानी या दुसऱ्या अभ्यासकाच्या अंदाजाने शेकडा दहाच्या आसपास. बाकीचे आपापल्या बोली बोलत. इटली घडविणारा काव्हूर स्वतः फ्रेंचमध्ये अधिक सहजपणे लिही. असे असूनही 'इटालियन' नावाचे काहीतरी आहे, त्यासाठी मरावे, असे लोकांना वाटले. राज्य नव्हते, राजा नव्हता, एक सैन्य नव्हते, एक नाणे नव्हते. मग होते काय? एक भाषा होती, आणि तीही बाजारात वा घरात नव्हे, तर पुस्तकांत. साडेपाचशे वर्षांपूर्वी मुख्यतः एका हद्दपार माणसाने घडविलेली. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ज्या घराचा दरवाजा उघडावयास निघाले, ते घर आधीच बांधलेले होते. आम्ही मॅझिनीची थोरवी कमी लेखीत नाही. पण पाया आणि छप्पर यांत पायाला आधी मान दिला पाहिजे.

दान्तेने जे केले त्याचे महत्त्व आज चटकन ध्यानात येत नाही. त्याच्या काळी ईश्वर, आत्मा, पाप, कृपा, न्याय या विषयांवर गंभीरपणे लिहावयाचे तर ते लॅटिनमध्येच. लोकभाषा प्रेमगीतांसाठी व हिशेबवह्यांसाठी. हद्दपारीच्या पहिल्या वर्षांत त्याने 'कोन्व्हिव्हिओ', म्हणजे मेजवानी, या नावाचा ग्रंथ लिहावयास घेतला, आणि तो लोकभाषेत का लिहितो याचे सविस्तर समर्थन आरंभीच केले. विद्वानांच्या पंगतीत बसावयास ज्यांना सवड वा शिक्षण मिळाले नाही, अशा स्त्रीपुरुषांसाठी आपण हे ताट वाढीत आहोत, असा त्याचा आशय. आणि ही भाषा म्हणजे हजारोंना तृप्त करणारी जवाची भाकर ठरेल, असा विश्वासही त्याने व्यक्त केला. ही जवाची भाकर कोणत्या शुभवर्तमानातून आली हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पंधरा भागांचा बेत असलेला तो ग्रंथ चार भागांवर थांबला. त्याच सुमारास त्याने लोकभाषेच्या योग्यतेवर दुसरा एक ग्रंथ आरंभिला. तो मात्र लॅटिनमध्ये, कारण विद्वानांची समजूत काढावयाची तर ती त्यांच्याच भाषेत काढणे भाग होते. तोही अपुरा राहिला. मग दान्तेने समर्थन करणे सोडले आणि शंभर सर्गांचे, चौदा हजारांहून अधिक ओळींचे महाकाव्य लोकभाषेत लिहून दाखविले.

त्या महाकाव्यात नरक आहे म्हणून त्याची ख्याती झाली, आणि त्या नरकात पोपही आहेत म्हणून काहींना ते आवडते व काहींना टोचते. आमच्या मते धर्मशिक्षकाने वाचावयाचा भाग पुढेच आहे. स्वर्गखंडाच्या अकराव्या सर्गात दान्ते संत थॉमस अक्विनास यांच्या मुखाने संत फ्रान्सिस यांची स्तुती करवितो आणि बाराव्यात फ्रान्सिस्कन संत बोनाव्हेंतूरा यांच्या मुखाने संत डॉमिनिक यांची. आणि दोघेही दोष दाखवितात तो आपापल्या संघातील लोकांचा. संघासंघांतील चढाओढ ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या योजनेची किंमत कळेल. ज्या गोष्टींवर विद्यापीठात लॅटिन वादविवाद होत, त्या फ्लॉरेन्सच्या लोहाराला व गाढववाल्याला ऐकू येऊ लागल्या. सर्वांनाच हे रुचले असे नाही. बोलोन्याच्या एका पंडिताने दान्तेला लॅटिनमध्ये लिहून कळविले की असा विषय अडाण्यांपुढे टाकणे शोभत नाही. १३७३ मध्ये फ्लॉरेन्सच्या नगरसभेने बोकाच्चिओला शंभर फ्लोरिन देऊन एका चर्चमध्ये या काव्यावर जाहीर व्याख्याने ठेवली. आपल्याकडील निरूपणाचाच तो प्रकार. त्याच्यावरही पवित्र गोष्टी बाजारात आणल्याचा ठपका आला. जी गोष्ट लोकांना समजते ती हलकी झाली असे मानणारे विद्वान प्रत्येक देशात निघतात. ज्ञानदेवांच्या काळी ते येथेही होते. ज्ञानेश्वरीचा काल परंपरेने १२९० चा मानतात. तेव्हा दान्ते पंचविशीत होता.

दान्ते या वाटेवर एकटा होता असे मात्र नाही. त्याच्या जन्माआधी चाळीस वर्षे, १२२५ च्या सुमारास, जवळजवळ अंध झालेले संत फ्रान्सिस सान दामियानो येथे आजारी असता त्यांनी सृष्टीच्या स्तवनाचे गीत रचले, ते उंब्रियाच्या बोलीत. इटालियन साहित्याच्या इतिहासाचे पहिले पान बहुधा याच गीताने सुरू होते. उपदेशानंतर बंधूंनी ते लोकांपुढे गावे अशी त्यांची इच्छा होती. संत थॉमस यांनी आयुष्यभर लॅटिनमध्ये लिहिले. परंतु १२७३ च्या उपवासकाळात नेपल्स येथे त्यांनी विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा यांवर प्रवचने दिली ती तेथील लोकांच्या बोलीत. सहकाऱ्यांनी ती लॅटिनमध्ये उतरून ठेवली म्हणून आज उपलब्ध आहेत. त्यांचे मूळ शब्द हरवले याची आम्हांस हळहळ वाटते. जगातील एक अत्यंत सूक्ष्म बुद्धी आपल्या बोलीत बायाबापड्यांना 'आमच्या बापा' शिकविताना कोणते शब्द वापरीत होती, हे कोणत्या धर्मशिक्षकाला ऐकावेसे वाटणार नाही? त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि ७ मार्च १२७४ रोजी ते निधन पावले. पुढच्या शतकात सिएनाच्या एका रंगाऱ्याची कन्या, संत कॅथरिन, यांनी पोप, राजे, सेनापती व कैदी यांना तोस्कानी भाषेत सुमारे ३८० पत्रे सांगून लिहविली. आव्हिन्योंत राहणाऱ्या पोपला रोमला परत या असे बजावणारी पत्रेही त्यांत आहेत. त्या ३३ व्या वर्षी वारल्या. १९३९ मध्ये त्यांना व संत फ्रान्सिस यांना इटलीचे आश्रयदाते संत म्हणून घोषित करण्यात आले, आणि १९७० मध्ये कॅथरिन यांना धर्मपंडिताची पदवी मिळाली.

गॅलिलिओला आम्ही याच पंक्तीत बसवितो. दुर्बिणीतून दिसलेले नवल त्याने १६१० मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध केले, कारण ते साऱ्या युरोपला कळवावयाचे होते. पुढे मात्र सूर्यावरील डागांचा ग्रंथ व १६३२ चा तो प्रसिद्ध संवाद त्याने इटालियनमध्ये लिहिला. १६१२ मधील एका पत्रात तो कारणही देतो : ज्यांना बुद्धी आहे पण लॅटिन नाही, त्यांनाही निसर्गाने डोळे दिलेले आहेत. १६१६ च्या निषेधपत्रातील एक भेद येथे नोंदण्याजोगा आहे. कोपर्निकसचा लॅटिन ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत केवळ स्थगित ठेवला गेला. पण तेच मत मांडणारे फोस्कारिनी या कार्मेलाइट धर्मगुरूचे इटालियन पत्रक संपूर्ण निषिद्ध ठरले. कारण केवळ भाषेचे होते असे म्हणणे धाडसाचे होईल. फोस्कारिनीने त्या मताचा पवित्र शास्त्राशी मेळ घालण्याचा प्रयत्न केला होता, हे मुख्य कारण. तथापि विद्वानांच्या कपाटातील मत आणि लोकांच्या हातातील मत यांत अधिकाऱ्यांना भेद दिसत होता, एवढे खात्रीने म्हणता येते.

आता या मापाला कोण पुरे पडत नाहीत? लिओनार्दो. आपण लॅटिन शिकलेलो नाही असे तो मोकळेपणाने सांगे, आणि त्याच्या वह्यांची हजारो पाने लोकभाषेतच आहेत. पण त्याने त्या छापल्या नाहीत, कोणाला शिकविल्या नाहीत. त्यातले शरीरशास्त्र व यंत्रशास्त्र शतकानुशतके कोणाच्या उपयोगी पडले नाही. बुद्धीच्या स्पर्धेत तो कदाचित पहिला येईल. पण दिवा मापाखाली राहिला. पेत्रार्काची गीते अवीट खरी, परंतु त्याचा स्वतःचा भरवसा लॅटिन ग्रंथांवर होता. कोलंबसाने जगाचा नकाशा बदलला; तथापि त्याने कॅरिबियन बेटांतील माणसांना गुलाम करून स्पेनला पाठविले, आणि त्या जमातींचा पुढे जो संहार झाला तो ध्यानात घेता त्याला श्रेष्ठांच्या यादीत घालण्यास आमचा हात धजत नाही. मायकेलअँजेलो व पालेस्त्रीना यांच्यापुढे आमचे माप निरुपयोगी ठरते. दगड व स्वर यांना लॅटिनही नसते आणि बोलीही नसते. त्यांचा निवाडा आम्ही करीत नाही. डॉक्टर मारिया माँटेसरी यांचा उल्लेख मात्र केला पाहिजे. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह काढले. युद्धकाळ त्यांनी भारतात काढला. आणि त्यांच्या पद्धतीला बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांच्या अंगणात आपल्या ताराबाई मोडकांनी नवे रूप दिले. मुलाच्या मनाची भाषा ऐकणे हेही या मापात बसते असे आम्ही मानतो.

येथे एक अवघड गोष्ट बोलणे प्राप्त आहे. ज्या भूमीने लोकभाषेत इतके दिले, त्याच भूमीत पवित्र शास्त्र मात्र लोकभाषेत मिळणे दुर्घट झाले. निकोलो मालेर्बी या मठवासीयाचा इटालियन बायबलचा अनुवाद १४७१ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला; लूथरचा जन्म तेव्हा व्हावयाचा होता. पण १५५९ च्या सूचीने परवानगीवाचून लोकभाषेतील बायबल छापण्यास व बाळगण्यास मनाई केली. जोव्हान्नी दिओदाती याचा १६०७ चा अनुवाद जिनिव्हात झाला, कारण त्याचे कुटुंब धर्ममतामुळे लुक्का सोडून गेलेले; तो वाचणारेही मुख्यतः देशाबाहेरचे. आंतोनियो मार्तिनी यांचा अधिकृत अनुवाद पूर्ण झाला तो १७८१ मध्ये. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे इटलीतल्या साध्या ख्रिस्ती माणसाला नरक, शुद्धिस्थान व स्वर्ग यांचे वर्णन मायबोलीत वाचता येत होते, शुभवर्तमान नाही. कादंबरीकार मांझोनी एकोणिसाव्या शतकात लोकभाषेसाठी पुन्हा झटला, यामागे ही तहान होती की काय, असा विचार मनात येतो. त्याच्या कादंबरीतील, गुंडाच्या धाकाने लग्न लावण्याचे टाळणारे पाद्री डॉन अबोंदियो हे पात्र प्रत्येक पाळकाने एकदा वाचावे, इतकेच सुचवितो.

इटलीच्या कोणत्याही यादीत न येणारे काही इटालियन मात्र आम्हांस विसरता येत नाहीत. रुदोल्फो आक्वाव्हिव्हा १५८० मध्ये गोव्याहून अकबराच्या दरबारी गेले, फारसी शिकले, आणि २५ जुलै १५८३ रोजी साष्टीतील कुंकळ्ळी येथे चार सहकाऱ्यांसह मारले गेले. गावकऱ्यांची देवळे आधी पोर्तुगीज सत्तेने पाडली होती, आणि नंतर गावच्या प्रमुखांना आसोळणे येथे दगा देऊन ठार करण्यात आले, हेही त्याच कथेत सांगितले पाहिजे. त्या पाच जणांची शवे मिळवून मूठमाती देण्याच्या कामी जे पुढे झाले ते इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स. त्यांचेच अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. रोबेर्तो दे नोबिली १६०६ मध्ये मदुराईस पोहोचले व तमिळ, तेलुगू, संस्कृत शिकले. आणि कोन्स्तान्त्सो बेस्की, ज्यांना तमिळ लोक वीरमामुनिवर म्हणतात, यांनी संत योसेफावर 'तेम्बावणी' हे ३,६१५ पद्यांचे तमिळ महाकाव्य रचले. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर १९६८ पासून त्यांचा पुतळा उभा आहे, तमिळ साहित्याच्या निर्मात्यांच्या रांगेत. इटलीत त्यांचे नाव जाणणारे थोडेच असतील. पण दान्तेने आपल्या लोकांसाठी जे केले, ते या माणसाने दुसऱ्यांच्या लोकांसाठी केले.

तेव्हा आमची निवड अशी : पहिला दान्ते, त्याच्या शेजारी संत फ्रान्सिस, आणि मग संत कॅथरिन व गॅलिलिओ. संत थॉमस यांना आम्ही त्यांच्या महाग्रंथाच्या बळावर नव्हे, तर नेपल्सच्या त्या प्रवचनांच्या बळावर आत घेतो. बेस्की यांना आम्ही यादीत ठेवतो, इटलीची संमती न घेता.

१९६५ हे दान्तेच्या जन्माचे सातशेवे वर्ष होते. त्या वर्षी पोप पौल सहावे यांनी राव्हेनातील कबरीसाठी सोन्याचा क्रूस पाठविला. त्याच वर्षी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, महासभेने ठरविलेल्या उपासनेतील सुधारणा अमलात आल्या, आणि रोममधील ओन्निसांती या चर्चमध्ये पोपमहाशयांनी मिस्साविधीचा बराचसा भाग इटालियन भाषेत म्हटला. तारीख ७ मार्च होती, संत थॉमस यांच्या निधनाची.